अटी मान्य आहेत

नवऱ्यानं बोट टेकवलं, पडद्यावरच्या रिकाम्या चौकोनात बरोबरची खूण उमटली, एवढंच झालं. रविवारची सकाळ होती. जेवणाच्या टेबलावरचे चहाचे कप बाजूला सरकवून मध्ये लॅपटॉप ठेवला होता आणि आम्ही चौघं त्याच्याभोवती डोकी जुळवून बसलो होतो. शहराबाहेर दोन तासांवर ते प्रचंड मोठं मनोरंजन उद्यान होतं. मुलांच्या वर्गातली निम्मी मुलं तिथं जाऊन आली होती, आणि आम्ही दोन वर्षं नुसते 'जाऊ या, जाऊ या' करत होतो. म्हणजे बाकीचे तिघं करत होते. मी दर वेळी काहीतरी आडवं घालत होते. परीक्षा, ऊन, कुणाचा तरी खोकला. शेवटी माझी कारणंच संपली. नवरा शहराच्या बससेवेत वेळापत्रकं आखतो. रोज सव्वाशे गाड्या वेळेवर सोडणाऱ्याला घरची चार माणसं सोडता येऊ नयेत म्हणजे नोकरीला कलंक आहे, असं म्हणून त्या दिवशी तो तिकिटं काढायलाच बसला. ताई, माझी अकरा वर्षांची थोरली, अर्ज मोठ्यानं वाचून दाखवत होती. धाकटा सात वर्षांचा. जागा असेपर्यंत त्याची काही ना काही गुणगुण चालूच असते, म्हणून तो भुंगा. तो खुर्चीवर गुडघे टेकून बापाच्या खांद्यावरून बघत होता. अर्जाच्या शेवटी ताई वाचू लागली, माझ्यासोबतच्या कोणालाही हृदयाचा विकार, आणि 'नाही' या शब्दापर्यंत ती पोचायच्या आत नवऱ्यानं खूण केलीसुद्धा. "अटी मान्य आहेत," भुंगा तहावर सही करणाऱ्या राजासारखा म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसले. हसता हसता माझ्या लक्षात आलं की मी दोन्ही हातांनी कप घट्ट धरून ठेवलाय, बोटं भाजताहेत, आणि तरी तो मला खाली ठेवता येत नाहीये.

मी ईसीजी काढते. एका मोठ्या इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर खिडकी नसलेली खोली आहे, तिच्यात चौदा वर्षं मी लोकांना शर्ट काढून आडवं व्हायला सांगते, मनगटांना आणि घोट्यांना चिमटे लावते, छातीवर थंडगार जेल लावून सहा रबरी फुगे चिकटवते, आणि 'बोलू नका, हलू नका' म्हणून बटण दाबते. बारीक चौकटींचा गुलाबी कागद सरसर बाहेर येतो. त्याच्यावरची रेघ आधी जराशी फुगते, मग सुळक्यासारखी वर जाते, खाली येते, आणि शेवटी एक गोल टेकडी चढून उतरते. पुन्हा तेच, पुन्हा तेच. निदान करणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण चौदा वर्षं दळण दळणाऱ्याला पीठ हाताला कळतंच. कितीतरी हजार माणसांच्या रेघा माझ्या हाताखालून गेल्या असतील. माझी स्वतःची गेली नाही. शिकत असताना आम्हा मुलींना सरावासाठी एकमेकींचा ईसीजी काढायचा असे. माझी पाळी आली की माझं पोट दुखायचं. मुलांचाही कधी काढला नाही. चांभाराच्या पोरांच्या पायात चपला नसतात, असं नवरा एकदा थट्टेनं म्हणाला होता, तेव्हा मी त्याच्यावर विनाकारण ओरडले होते.

अप्पा, माझे वडील, पट्टीचे पोहणारे होते. आमच्या गल्लीतल्या पंधरावीस पोरांना त्यांनी पोहायला शिकवलं होतं. मी आठ वर्षांची असताना त्यांच्या कचेरीची सगळी मंडळी नदीवर सहलीला गेली, कुणीतरी पैज लावली, आणि अप्पा पलीकडच्या काठाकडे निघाले. मी काठावर त्यांचा टॉवेल धरून उभी होते. त्यांचे हात किती एकसारखे पडत होते ते मला आजही दिसतं. डावा, उजवा, डावा, उजवा. मग उजवा पडला आणि डावा उठलाच नाही. बुडताना माणसं हात हलवतात, ओरडतात, असं नंतर पुष्कळ ऐकलं. त्यांनी काहीच केलं नाही. जणू कुणी दिवा मालवला. ते छत्तीस वर्षांचे होते. पायात गोळा आला असेल, असं सगळे म्हणाले, आणि मीही अनेक वर्षं तेच म्हणत आले. त्यांची धाकटी बहीण, मी कधी न पाहिलेली माझी आत्या, शाळेच्या शर्यतीत पळता पळता गेली होती, सोळाव्या वर्षी. "त्यांच्या घराण्यात माणसं घाईत जातात," एवढंच माझी आई कधीमधी म्हणायची आणि पदराला हात पुसत उठायची. पुढं शिकत असताना, दुपारच्या झोपाळू तासाला, सरांनी फळ्यावर एक रेघ काढली. शेवटची टेकडी उतरायला उशीर लावते अशी रेघ. हे घराण्यात चालत येतं, सर म्हणाले. माणूस वरून ठणठणीत असतो, आणि पळताना, पोहताना, एकदम दचकल्यावर, त्या लांबलेल्या टेकडीच्या उतारावर पुढचा ठोका येऊन आदळतो आणि सगळा ताल बिघडतो. वर्ग उतरवून घेत होता. माझं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. मला नदी दिसत होती. त्या दिवसापासून मी कधी पळाले नाही. समोरून बस निघाली तर मी ती जाऊ देते. "हिला बस पकडता येत नाही, बसनंच हिला पकडावं लागतं," असं नवरा पाहुण्यांना सांगतो आणि पाहुणे हसतात.

तिकिटं निघाल्यावर घर दुसऱ्याच कुणाचं तरी झाल्यासारखं वाटायला लागलं. नवऱ्यानं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट्टी लावून तक्ता आखला. डावीकडे वेळा, वर चौघांसाठी चार रकाने. दार उघडताच आधी उजवीकडे वळायचं, कारण सगळी जनता डावीकडे धावते, हा त्याचा सिद्धांत. साडेदहाला पाण्यातली होडी, अकराला झोके, आणि बारा वाजता, जेवणाच्या आधी, कारण जेवणानंतर पोटातलं सगळं बाहेर येईल, मोठी गाडी. तिची चित्रफीत ताई रोज शाळेतून आल्यावर लावायची. गाडी चढावर कटकटत वर जायची, टोकावर एक क्षण थांबायची, मग एकदम भोंगा वाजायचा आणि माणसांसकट ती खाली कोसळायची. भोंगा वाजला की मी ओट्यापाशी जिथं असेन तिथं थिजायची. पडणाऱ्या माणसांकडे मी बघत नव्हते, त्यांच्या छातीकडे बघत होते. त्या गाडीसाठी लागणारी उंची ताईची पुरी भरत होती. नवऱ्यानं तिला दाराच्या चौकटीशी उभं करून मोजलं आणि दोघांनी टाळी दिली. ताई अप्पांवर गेली आहे. तेच लांब पाय, तीच पुढं झुकून चालायची ढब, रागावली की तेच गप्प होणं. शिवाय मागल्या वर्षी शाळेत उन्हात उभी असताना ती एकदा चक्कर येऊन पडली होती. शाळेच्या बाई म्हणाल्या, न खाता आली असेल. मीही म्हटलं, न खाता गेली असेल. खाऊन गेली होती. ताट मीच वाढलं होतं. तिकिटं काढली त्या आठवड्यात मी रोज तिच्या अंथरुणाशी उभी राहून तिला उठवायच्या आधी तिचा श्वास मोजत होते. कामावर कुणाच्याही कागदावर टेकडी जरा रेंगाळलेली वाटली की पुन्हा पुन्हा मोजत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा ईसीजी मी तीनदा काढला. ते म्हणाले, "बाई, इतकं काय सुंदर दिसतंय त्यात?"

शनिवारी दुपारनंतर आमचा विभाग रिकामा असतो. नवऱ्याची कामाची पाळी होती. आईचं ऑफिस बघायचं म्हणून मी दोघांना घेऊन गेले. खरं तर फक्त ताईला न्यायचं होतं, पण भुंग्याला मागं कुणाकडे ठेवणार? ताईला मी सांगितलं, मोठ्या गाडीत बसणाऱ्यांनी आधी एकदा हे करून घेतलेलं बरं. ती शहाणी मुलगी. खोटं तिला कळलं असावं, पण ती मुकाट्यानं आडवी झाली. जेल लागल्यावर तिनं दात आवळले. माझे हात सवयीनं चालत होते, पण चौथा फुगा चिकटेचना. दोनदा सुटून खाली पडला, तेव्हा तो पुसून पुन्हा दाबून बसवला. बटण दाबलं. कागद बाहेर आला. मी तो टेबलाच्या दिव्याखाली धरला, कंपास लावला, मोजलं, ठोक्यांच्या वेगाप्रमाणे करायचा हिशेब केला, पुन्हा मोजलं. टेकडी वेळेत चढली होती, वेळेत उतरली होती. इतकी नीटनेटकी रेघ मी वर्षभरात पाहिली नव्हती. मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि कपडे घाल म्हणाले. मला एकदम भूक लागली. कित्येक दिवसांत मी धड जेवले नव्हते हे मला तेव्हा जाणवलं. खिडकी नसलेल्या त्या खोलीतसुद्धा मला वारा लागल्यासारखं वाटत होतं.

"आता माझा," भुंगा म्हणाला. त्यानं शर्ट कधीच काढून ठेवला होता. मी म्हटलं चल, तुझाही. इतकी हलकी झाले होते मी. त्याची छाती एवढीशी, फुगे एकमेकांना खेटत होते, जेलच्या गुदगुल्यांनी तो खिदळत होता. हलू नको म्हटल्यावर शहाण्यासारखा डोळे मिटून पडला. कागद येत असताना मी ताईशी काहीतरी बोलत होते. नंतर कागदाकडे बघितलं आणि मला वाटलं यंत्राचं काहीतरी बिघडलं. मी चिमटे तपासले. दुसरा कागद काढला. तिसरा काढला. कंपासाची गरज नव्हती, नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. सुळका खाली येत होता, आणि मग ती टेकडी, सावकाश, आळसावल्यासारखी, जागा सोडायला तयार नसल्यासारखी लांबत होती. फळ्यावरची रेघ. त्याच क्षणी मला आमचा जिना आठवला. चारपाच महिन्यांपूर्वी भुंगा आणि शेजारची मुलं जिन्यावर शर्यत लावत होती आणि भुंगा तिसऱ्या मजल्याच्या वळणावर आडवा पडला होता. मरून पडण्याचा त्याचा खेळच होता, पाहुण्यांपुढंसुद्धा तो असा पडायचा. "उठा महाराज, टाळ्या वाजवून झाल्या," नवरा म्हणाला होता. तो जरा वेळानं उठला. ओठ निळसर होते. मी म्हटलं होतं, मेल्या, पुन्हा बर्फाचा रंगीत गोळा खाल्लास ना? तो 'हो' म्हणाला होता, कारण मुलांना मोठ्यांचं म्हणणं मोडवत नाही. इतके दिवस मी चुकीच्या मुलाचा श्वास मोजत होते.

मुलं माझ्याकडे बघत होती. मी ताईला म्हटलं, आता तू डॉक्टरीणबाई हो, माझा काढ. कुठला फुगा कुठं ते सांगत मी स्वतःच चिकटवले आणि पहिल्यांदा त्या पलंगावर आडवी झाले. छताला एक डाग होता. चौदा वर्षं इतकी माणसं त्या डागाकडे बघत पडली असतील आणि मला तो माहीतच नव्हता. ताईनं बटण दाबलं. कागद तिनं माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तुझा भुंग्यासारखाच आहे गं." अकरा वर्षांच्या मुलीला दिसलं ते.

त्या संध्याकाळी मुलं आतल्या खोलीत कार्टून बघत असताना मी स्वयंपाकघरात नवऱ्याला सगळं सांगितलं. अप्पा, आत्या, फळ्यावरची रेघ. आम्हा तिघांचे कागद ओट्यावर पसरले. तो वेळापत्रकाचा माणूस. त्याला फार समजवावं लागलं नाही. "आधीची गाडी थांब्यावरून हलायच्या आत नंतरची येऊन थडकते," तो म्हणाला. मी मान हलवली. मग त्यानं कागद एकाखाली एक लावून ठेवले.

"लग्नाआधी ठाऊक होतं तुला?"

"संशय होता."

"आणि भुंग्याच्या वेळी?"

मला म्हणायचं होतं की न मोजलेली गोष्ट नसते असं मी धरून चालले होते. की रोज सकाळी माणसं उठताहेत तोवर कशाला. की मी जर तेव्हा बोलले असते तर कदाचित भुंगा नसताच, आणि तो नसलेलं घर मला कल्पनेतही नको होतं. यातलं एकही वाक्य तोंडाबाहेर यायच्या लायकीचं नव्हतं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मी रडले असते आणि दोघंही सुटलो असतो. त्यानं नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली, घासलेलीसुद्धा पुन्हा घासली. पाठमोराच तो म्हणाला, "जिन्यावर पडला होता तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या." नळ वाहतच होता.

सोमवारी मी हृदयविकाराच्या मोठ्या मॅडमच्या खोलीत गेले. इतकी वर्षं मी त्यांच्या टेबलावर दुसऱ्यांचे कागद ठेवत आले. या वेळी खुर्चीत बसले. त्यांनी कागद पाहिले, चष्मा काढला आणि मला रागावल्या नाहीत, तेही मला सोसलं नाही. रक्ताच्या तपासण्या झाल्या. भुंग्याला आणि मला रोज गोळी सुरू झाली, कुठली औषधं चुकूनही घ्यायची नाहीत त्याची यादी मिळाली. पोहणं बंद, शर्यती बंद, एकदम दचकवणारं सगळं बंद. बाकी मुलगा शाळेत जाईल, मोठा होईल, म्हातारा होईल, मॅडम म्हणाल्या. ज्यांना कळत नाही ते जातात, ज्यांना कळतं ते सांभाळून राहतात. मी उद्यानाचं विचारलं. मला वाटत होतं त्या नको म्हणतील. त्या म्हणाल्या, जरूर जा, वेगाच्या आणि उंचावरच्या गोष्टी सोडून. फक्त झटका देणारं यंत्र तिथं कुठं कुठं ठेवलंय ते आधी विचारून घ्या. नवऱ्यानं त्या लोकांना तीनदा फोन केला. मग जुना तक्ता काढून नवा आखला. त्यात दोन रकाने मोठे आणि दोन छोटे होते, आणि मधून मधून लाल पेन्सिलीनं काढलेले चौकोन. ते कशाचे ते मुलांनी विचारलं नाही. भुंग्याला आम्ही जमेल तेवढं सांगितलं होतं. जोरात पळायचं नाही, छातीत फडफड झाली किंवा डोळ्यांपुढं अंधार आला तर आहेस तिथं थांबायचं, बसायचं. मी ते त्याला रोज सांगत होते. उठल्यावर, गोळी देताना, बूट घालताना, शाळेच्या फाटकात. तो 'हो' म्हणायचा.

दोन आठवड्यांनी आम्ही गेलो. ऊन मऊ होतं, गर्दी नवऱ्यानं सांगितल्याप्रमाणे डावीकडे धावली. आम्ही छोट्या आगगाडीत बसलो, लाकडी घोड्यांवर बसलो, आणि सगळा वेळ मी भिंती बघत होते. तक्त्यातल्या लाल चौकोनांच्या जागी ती झटक्याची यंत्रं खरोखर होती की नाही ते. बारा वाजता ताई आणि तिचा बाप मोठ्या गाडीच्या रांगेत गेले. जाताना ताईनं मागं वळून पाहिलं. तिला जावंसं वाटत होतं आणि आपल्याला जावंसं वाटतंय याची लाजही वाटत होती. भुंगा आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. त्यानं मला विचारलं, तू का नाही गेलीस? मी सांगितलं, माझंही हृदय तुझ्यासारखंच आहे. हे त्याला आधीही सांगितलं होतं, पण आत्ता जणू पहिल्यांदा ऐकल्यासारखा तो माझ्या छातीकडे बघत राहिला. वर गाडी कटकटत चढली. मी त्याच्या कानांवर हात धरले. भोंगा वाजला, किंकाळ्या आल्या, गाडी खाली गेली, वर आली, थांबली. काही झालं नाही. माझे हात त्याच्या कानांवर तसेच होते. त्यानंच ते हळूच काढले.

मग पलीकडच्या फाटकातून ती दोघं बाहेर आली. ताईचे केस पिंजारलेले, चेहरा लालबुंद, आणि ती दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होती. भुंगा बाकावरून उडी मारून सुटला. पन्नास पावलांचं अंतर असेल. आजूबाजूला शेकडो मुलं पळत होती, कुणाचीही आई कुणाला थांबवत नव्हती. माझ्या तोंडाशी त्याचं नाव आलं आणि तिथंच अडकलं, कारण एकदम हाक मारली तर तो दचकेल. मागून पळणं मलाही शक्य नव्हतं. मी नुसती उभी राहिले आणि त्याचे पाय बघत राहिले. डावा, उजवा, डावा, उजवा.

आणि तो थांबला. आपण होऊन, मध्येच, इतका अचानक की मागून येणारा एक माणूस त्याच्यावर आदळता आदळता वाचला. भुंग्यानं एक हात छातीवर ठेवला आणि मागं वळून पाहिलं. बापाकडे नाही, ताईकडे नाही, माझ्याकडे. त्याचे ओठ लाल होते, श्वास नीट होता, त्याला काही झालं नव्हतं. तो फक्त भ्यायला होता. आनंदाच्या ऐन भरात त्याला आठवण झाली होती आणि तो भ्यायला होता. अप्पांकडून त्याच्यात जे आलं ते मला कागदावर दिसलं होतं, तीन पिढ्या लागल्या होत्या त्याला. हे मात्र अप्पांचं नव्हतं. ते तर पैज लावून नदीत शिरले होते. हे माझं होतं, आणि मी ते पंधरा दिवसांत त्याला दिलं होतं.

मी चालत त्याच्यापर्यंत गेले आणि त्याच्यासमोर उकिडवी बसले. पलीकडे ती दोघंही जागच्या जागी थबकून आमच्याकडे बघत होती.

"आई, तू घाबरलीस?" त्यानं विचारलं.

इतकी वर्षं हा प्रश्न मला कुणी विचारला असता तर मी नाही म्हटलं असतं. खोकला आहे, ऊन आहे, पोट दुखतंय, असं काहीतरी म्हटलं असतं.

"हो," मी म्हणाले. "खूप."

"मीपण," तो म्हणाला. मग त्यानं छातीवरचा हात काढून माझं बोट धरलं आणि मला ओढत, पण चालत, त्या दोघांकडे निघाला.